ओ-यूची वही

इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला की काकांना राग यायचा. लटका नव्हे, खराखुरा. चष्मा कपाळावर जायचा, मान खिडकीकडे वळायची. "अर्थ मालवाल्याचो," म्हणायचे. "पेटीत काय आसा ता बघणं आपला काम नाय. अक्षर सरळ येवक व्हया, बस्स."

हे माझे सख्खे काका नव्हेत. करी रोडला आमच्या चाळीत आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचे, एकटेच. काकी मी कॉलेजात असतानाच गेली. शिवडीच्या गोदामात त्यांनी जन्मभर पेट्यांवर मार्का मारला. म्हणजे पत्र्यात अक्षरं कापलेला साचा फळीवर धरायचा, वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, आणि साचा उचलायचा. फळी ठरावीक मापाची, मोठी अक्षरं त्यात पाचच बसायची. एकेक अक्षराचा साचा धरत बसलं तर पाच वेळा हात उचलावा लागतो, म्हणून काकांनी नेहमी शेजारी येणारी अक्षरं जोडीनं एका पत्र्यात कापून घेतली होती. एस-एच एकत्र, टी-एच एकत्र, ओ-यू एकत्र. जोडी ठेवायची, उरलेली तीन अक्षरं भरायची. त्यामुळे झालं काय, की आपल्याला इंग्रजीत शब्द दिसतात, काकांना जोड्या दिसायच्या.

रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर पत्ते कुटतात. काकांनी वह्या घातल्या. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून, जाड दोऱ्यानं शिवून. एका जोडीला एक वही. आत फक्त पाच अक्षरी शब्द. सहा अक्षरांचा कितीही देखणा शब्द येऊ दे, काका हात झटकून म्हणायचे, "फळीबाहेर!" हा त्यांचा शिक्काच झाला होता. कुणाच्या लग्नात बारा पदार्थ वाढले, फळीबाहेर. मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण लांबलं, फळीबाहेर. मी ऑफिसच्या पार्टीसाठी एकदा जरा जास्तच उंच टाचांच्या चपला घातल्या तर जिन्यात मला बघून म्हणाले, "बाय गो, फळीबाहेर गेलंस."

दुसरा नियम असा, की शब्द स्वतःच्या डोळ्यांनी कुठेतरी छापलेला दिसला पाहिजे. डिक्शनरी वर्ज्य. "डिक्शनरीत काय, सगळा माल आयताच," म्हणायचे. म्हणून प्रत्येक शब्दापुढे एक रकाना होता: कुठे दिसला. फ्लाउर, पिठाची पिशवी. टच, ओल्या रंगाची पाटी, परळ. कफ, औषधाची बाटली. पाउच, शाम्पू. उच्चार मात्र सगळ्यांचे त्यांचेच. ओ-यू आलं की त्याचं औ करायचे. टौच, कौघ, यौथ. मी हसले की तेही हसायचे, पण बदलायचे नाहीत.

बोर्डासमोर उभं राहून शब्द मोजायची त्यांची एक तऱ्हा होती. अंगठ्यापासून एकेक बोट मिटत जायचे. करंगळी मिटली आणि शब्द संपला की चेहरा उजळायचा. बोट उरलं तर तसंच हातात धरून पुढे चालू लागायचे. एका मेडिकलवाल्याला ते सरकारी तपासनीस वाटले होते, त्यानं घाबरून खुर्ची दिली आणि थम्सअप मागवलं. काका थम्सअप पिऊन, दोन शब्द उतरवून, नमस्कार करून निघून आले.

आणि एकदा तर कहरच झाला. लालबागच्या बाजारात एका बाईच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीवर काहीतरी छापलेलं. चार अक्षरं दिसत होती, पाचव्यावर तिचं कोपर. काका तिच्या मागून निघाले. मसाल्याच्या गल्लीतून पुलापर्यंत, पुलाखालून परळच्या बाजूला. बाईनं दोनदा मागे बघितलं, तिसऱ्यांदा ती तिथेच थांबली आणि ओरडली, "ए म्हाताऱ्या, लाज नाही वाटत?" माणसं जमली. काका हात जोडून म्हणाले, "बाई, कोपर जरा बाजूक घ्या, शेवटचा अक्षर दिसना नाय." नशीब, माझी आई भाजी घेऊन तिकडूनच येत होती. तिनं कशीबशी समजूत घातली. शब्द निघाला यंग. आई घरी येऊन कपाळावर हात मारून म्हणाली, "यंग म्हणे! सत्तरी उलटली आणि मार खाणार होते त्या यंगापायी."

पडून हात मोडला तेव्हा महापालिकेच्या हॉस्पिटलात चार दिवस होते. मी भेटायला गेले तर प्लॅस्टरातला हात छातीवर आणि दुसऱ्या हातानं मला खूण करतायत, जवळ ये. मला वाटलं काहीतरी दुखतंय. कानात म्हणाले, "तीन गावले. हौर्स, ग्रौप, वौंड." भेटीच्या वेळांचा बोर्ड, रक्तगटाचा कागद आणि पट्टीचं पाकीट. मी ते माझ्या मोबाइलमध्ये लिहून घ्यावेत, नाहीतर विसरतील, एवढीच त्यांची काळजी.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं मी कुणाला सांगत नाही.

मी मराठी माध्यमातली. लोअर परळच्या ज्या ऑफिसात मला नोकरी लागली तिथे बाकीची मुलं इंग्रजीतच शिंकायची. मी मीटिंगमध्ये बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा घोळवायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. मग तो खेळ आला, मोबाइलवरचा. रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सहा प्रयत्नांत ओळखायचा. आमच्या टीमला वेडच लागलं. रोज सकाळी ग्रुपवर सगळे आपापले रंगीत चौकोन टाकायचे, म्हणजे कुणाला किती प्रयत्न लागले ते दिसायचं. मी पहिले काही दिवस सहाव्या प्रयत्नाला कशीबशी पोचायचे, नाहीतर तेही नाही.

एका सकाळी मी गॅलरीत चहा घेत ते चौकोन बघत बसले होते. काका दात घासत आले. मी सहज विचारलं, "काका, मध्ये ओ-यू आणि शेवटी एच. काय काय येतं?"

काकांनी ब्रश तोंडातून काढला. "मौथ, सौथ, यौथ, टौच, कौच, पौच, रौघ, कौघ, टौघ." दम न घेता. "आणि एक डौघ. बेकरीची पाटी."

त्या दिवशी मी तिसऱ्या प्रयत्नात जिंकले. मग रोजच. ऑफिसात माझा भाव वधारला. माझं इंग्रजी बोलणं होतं तेवढंच होतं, पण लोक आता मी वाक्य संपवेपर्यंत थांबायचे. बॉसनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, हिची व्होकॅब बघा. कुणी विचारलं, एवढे शब्द कुठून गं? मी म्हटलं, "वाचन." सांगायला काय हरकत होती, शेजारचे काका आहेत, गोदामात मार्का मारायचे? नाही सांगितलं. लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते.

काकांना मात्र माझ्या विचारण्याचं केवढं अप्रूप. इतक्या वर्षांत त्यांच्या वह्या कुणी मागितल्या नव्हत्या. एक दिवस ओ-यूची वही घेऊन आमच्या दारात आले. बरोबर जाड निळी पेन्सिल.

"बाय, येळ आसा काय तुका?"

"बोला ना काका."

"गोदामात आमी मार्को मारलो तरी पेटी तशी जायत नसा. चेकर येवन निळी खूण करी, मगच माल भायर. माज्या वह्यांका चेकर नाय." खूप वेळ ते असं काहीतरी जुळवून आले असावेत, कारण पुढचं एका दमात बोलले. "तू शिकलेली. बघशील? जो बरोबर त्याच्यावर खूण कर. आणि हे बघ, जिथे माका शंका आसा तिथे मी लाल ठिपको दिलाय. तेवढे नीट बघ. ते नसतील बरोबर तर खोड. माका वाईट वाटाचा नाय."

ते ठिपके मी बघितले. डाळीच्या दाण्याएवढे, शब्दाच्या डोक्यावर, लालभडक. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. दिसले होते मला.

मी वही चार दिवस ठेवून घेतली. पहिल्याच संध्याकाळी सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, म्हणजे रोज सकाळी काकांना गाठायला नको. मग टीव्हीसमोर बसून, मालिका बघता बघता, वरून खाली निळ्या खुणा करत गेले. शब्द वाचला नाही. ठिपका आला तरी हात थांबला नाही. दोनशेच्या वर शब्द होते, कोण बसणार? पाचव्या दिवशी वही परत दिली. काकांनी पानं उलटली. सगळीकडे निळं. ठिपक्यांवरसुद्धा.

"सगळे पास?" त्यांचा विश्वास बसेना.

"सगळे पास."

"ठिपकेवाले पण?"

"हो काका, आहेत ते शब्द."

त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे बांगडे पाठवले. तळून, केळीच्या पानात. आई म्हणाली, "एवढं काय केलंस गं त्यांचं?" मी दोन बांगडे खाल्ले.

मग दादरच्या एका वाचनालयानं रविवारी सकाळी शब्दखेळांचा कार्यक्रम ठेवला. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या ओळखीनं मला परीक्षक म्हणून बोलावणं आलं. छातीवर बिल्ला, टेबलावर पाण्याची बाटली, शेजारी इंग्रजीच्या एक निवृत्त प्राध्यापिका. ऑफिसातले सहा-सात जण माझ्यासाठी टाळ्या वाजवायला आलेले. हॉलच्या एका बाजूला टेबलं मांडली होती, ज्यांच्याकडे शब्दांचे काही संग्रह असतील त्यांनी आणावेत म्हणून.

हे टेबलांचं मी काकांना सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं. तिला वाटलं, बिचारे खूश होतील.

काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही. मला बघून त्यांनी हात वर केला. मी बाटलीचं झाकण उघडत बसले.

प्राध्यापिकाबाई टेबलं बघत बघत त्यांच्यापाशी गेल्या आणि थांबल्या. पानं उलटली, चष्मा काढून परत घातला. "अहो, प्रत्येक शब्द कुठे भेटला तेही लिहिलंय तुम्ही? हे फार सुंदर आहे." काकांचा चेहरा काय फुलला होता तेव्हा! बाईंनी माइक हातात घेऊन सगळ्यांना बोलावलं. आमच्या ऑफिसातला एकजण पुढे झाला, म्हणाला, मी वाचून दाखवतो. दोन-चार शब्द नीट गेले. मग तो थबकला आणि त्याला हसू फुटलं.

"जी-ओ-यू-आर-आय, गौरी. लेडीज टेलर, लालबाग."

लोक हसले.

"चौक. कोपऱ्यावरची पाटी. शौक. पानाची गादी, रे रोड."

आता सगळा हॉल हसत होता. वाईट नव्हतं तसं ते हसणं, आपण चाळीत हसतो तसंच. काकाही आधी हसले. मग त्यांना कळलं की शब्द चुकलेत म्हणून हसतायत. ते गडबडले. "नाही, नाही," माइकजवळ तोंड नेऊन शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "हे मला पण वाटलं होतं. गौरी आपली, ती इंग्रजीत कशी असेल? पण तपासून घेतलंय. ही बघा निळी खूण. चेकरनं पास केलंय."

"कोण चेकर?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या मॅडम."

मला आयुष्यात ते पहिल्यांदाच मॅडम म्हणाले. माझा मान राहावा म्हणून, लोकांसमोर.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला तेव्हा खरं बोलायला फार तर पाच शब्द लागले असते. मी न वाचता खुणा केल्या. संपलं. त्याऐवजी मी हसले, मान जरा तिरकी केली आणि म्हणाले, "अ‍ॅक्च्युअली काका आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात. खूप स्वीट आहेत. त्यांचं मन राखायला मी आपल्या खुणा करून द्यायचे."

बिल्डिंग म्हटलं मी. चाळ पण म्हणवली नाही.

हॉलमध्ये ऑऽऽ असा आवाज उठला. कुणीतरी म्हणालं, किती गोड. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "चांगलं मन आहे तुमचं." आणि टाळ्या पडल्या. मला. काकांनी वाचणाऱ्याच्या हातातून वही हळूच काढून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. गेले नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत बसले. मग पडद्यावर सगळ्यांसमोर खेळ झाला, मध्ये ओ-यू पडलं आणि मी दुसऱ्या प्रयत्नात शब्द ओळखला. काउंट. काकांच्या वहीत तो सातव्या पानावर आहे, सुताच्या रिळावर दिसलेला.

घरी यायला मी मुद्दाम उशीर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ऑफिसला जाण्याआधी त्यांच्या दारात उभी राहिले. माफी मागायची, सगळं सांगायचं, असं पक्कं ठरवून गेले होते. काका खिडकीशी बसले होते. मांडीवर ओ-यूची वही, हातात दाढीचं ब्लेड. निळ्या खुणा एकेक करून खरवडत होते. कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हातानं, आणि मध्ये मध्ये फुंकर मारत.

"ये गो," म्हणाले. "ह्या काढून टाकतंय. चुकीची पेटी गेली तर आमच्याकडे चेकरची नोकरी जायची. उद्या कोणी बघितली वही तर तुझ्यावर नको."

मी खाली बसले.

"काल तू बोललंस ता सोड," ते ब्लेडकडे बघत म्हणाले. "चारचौघात तसा बोलाचा लागता. पण माका एक सांग. ठिपके दिसले होते काय तुका?"

ह्यापेक्षा सरळ प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. त्यात ओरडणं नव्हतं, टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं की चूक कुठे झाली.

मी म्हटलं, "नाही काका."

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण निघून गेला, अगदी मला दिसेल असा. "तरीच!" म्हणाले. "रात्रभर तोच इचार करतंय, की एवढी शिकलेली पोर, ठिपके बघून कशी पास करतली? बारीकच काढले मी. माजीच चूक." आणि वर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता मोठे काढतंय."

मी ऑफिसला गेले. त्या दिवशीही ग्रुपवर चौकोन टाकले, चौथ्या प्रयत्नातले. मग हळूहळू तो खेळ सोडला. कुणी विचारलं तर सांगते, वेळ नाही मिळत.

काकांनी अख्खी वही नव्यानं लिहून काढली. दीड महिना लागला. मोडलेला हात लवकर भरून यायचा, मग थांबायचे. तोवर चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी करायची नोटीस लागली, आम्ही भाड्यानं शिवडीला आलो आणि काका गावी पुतण्याकडे गेले, मालवणच्या बाजूला. जायच्या आदल्या दिवशी नवी वही आणून दिली, नवी निळी पेन्सिलही. बाकीच्या वह्या गोणीत भरून ते बरोबर घेऊन गेले. ही तेवढी माझ्याकडे आहे. प्रत्येक शंकेच्या शब्दावर बायकांच्या मोठ्या टिकलीएवढा लाल ठिपका. गौरीवर आहे, चौकावर आहे. खात्रीच्या शब्दांवरही आता काही ठिकाणी आहे, आधी नव्हता तिथे. टचवर आहे. यंगवर आहे.

दोन वर्षं झाली. मी एकही खूण केलेली नाही. शब्द सगळे वाचलेत, कितीतरी वेळा, पाठ झालेत. पण पेन्सिल हातात घेतली की होत नाही.

गेल्या आठवड्यात पुतण्याच्या फोनवरून त्यांचा फोन आला. आवाज थकलाय. पाऊसपाणी, आईची तब्येत, माझी नोकरी, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "वहीची घाय नाय हां. सावकाश बघ. ठिपके दिसतत मां आता?"

"दिसतात काका," मी म्हटलं.

तेव्हाही दिसले होते, एवढंच पुढे म्हणायचं होतं. ते फोन कानाला लावून थांबले होते, मला आणखी काही बोलायचंय असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, तब्येतीला जपा, आणि फोन ठेवला.